कुत्र्याला परदेशी न्यायचंय? आधी चिप, मग लस, तिकीट सगळ्यात शेवटी

पुण्याहून म्युनिकला जायचं ठरलं तेव्हा आमच्या कुत्र्याचं, बंड्याचं लसीकरणाचं कार्ड माझ्या मते अगदी चोख होतं. चार वर्षं, दर मार्चमध्ये रेबीजचं इंजेक्शन, प्रत्येकाचं स्टिकर, शेजारी डॉक्टरांची सही. जूनमध्ये मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळख क्रमांकाची चिप, बसवून घेतली आणि वाटलं, झालं की काम. पण ती चारही इंजेक्शनं युरोपच्या लेखी दिलेलीच नव्हती, कारण ती चिपच्या आधीची होती. नवरा ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात कामावर रुजू झाला. मी आणि बंड्या नोव्हेंबरपर्यंत कोथरूडात.

ही चूक करणारी मी एकटी नव्हे. त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार घरांना मी हेच सगळं फोनवर समजावलंय, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. इथे लिहिलंय ते भारतातून जर्मनीला घरचा कुत्रा नेण्याबद्दल. मूळ नियम युरोपियन युनियनचे आहेत, त्यामुळे नेदरलँड्स किंवा फ्रान्सला जाणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल. अमेरिका आणि ब्रिटनचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. कुत्र्याचा पासपोर्ट म्हणून एखादी वस्तू भारतात मिळत नाही. दवाखान्यात 'पेट पासपोर्ट' असं छापलेली देखणी पुस्तिका देतात, पण ती म्हणजे लसीचं कार्डच, जरा जाड पुठ्ठ्याचं. आपल्याला जमवायची असते ती कागदांची साखळी: चिपची नोंद, लसीची नोंद, रक्ततपासणीचा अहवाल आणि सरकारी पशुवैद्यकाचं हेल्थ सर्टिफिकेट. यातला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो, आणि एकाचीही तारीख मागेपुढे झाली की पुढचे सगळे कोसळतात.

तारखा उलट्या मोजा

भारत युरोपच्या लेखी रेबीजचा धोका असलेला देश आहे. गोव्याने कुत्र्यांच्या लसीकरणात मोठं काम केलं आणि २०२१ मध्ये तिथे रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, पण युरोप राज्य बघत नाही, देश बघतो. म्हापशाच्या कुत्र्यालाही तीच रांग आणि मालेगावच्या कुत्र्यालाही तीच.

रांग अशी: चिप. त्याच दिवशी किंवा त्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. रक्त काढल्यापासून पूर्ण ३ महिने थांबायचं. मग प्रवास, आणि हेल्थ सर्टिफिकेट प्रवासाच्या आधीच्या १० दिवसांतलं.

आमच्या तारखा सांगते म्हणजे डोळ्यासमोर येईल. चूक कळल्यावर बंड्याला १ जुलैला पुन्हा लस दिली. रक्त ४ ऑगस्टला काढलं. ३१ जुलैलाही चाललं असतं, पण काठावर तारीख कशाला ठेवा. तीन महिने ४ नोव्हेंबरला भरले. विमान २० नोव्हेंबरचं घेतलं आणि सर्टिफिकेट त्या आठवड्याभरात. म्हणजे सगळं सुरळीत होऊनही साडेचार महिने गेले. तुम्ही पाच धरा.

तीन महिने कशासाठी, असं सगळेच वैतागून विचारतात. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. लस घेण्याआधीच कुत्र्याला संसर्ग झाला असेल तर तो या काळात उघड व्हावा, हा हेतू. पैसे भरून हा काळ कमी होत नाही. 'आमची ओळख आहे, करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार करून निघा.

पिल्लू असेल तर आणखी एक हिशोब. रेबीजची लस पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्याशिवाय धरली जात नाही. त्यावर ३० दिवस, त्यावर ३ महिने. म्हणजे भारतातून युरोपात जाणारा कुत्रा साधारण पावणेसात महिन्यांच्या आतला असूच शकत नाही. जायच्या दोन महिने आधी पिल्लू घरी आणायचा मोह होत असेल तर तो आवरा.

चिप

तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेमागे कातडीखाली सुईने बसवतात. बंड्या त्या वेळी बिस्किटाकडे बघत होता, त्याला पत्ताही लागला नाही. डॉक्टरांना चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे का ते विचारा. अशा चिपचा क्रमांक १५ आकडी असतो. कमी आकडी जुनी चिप असेल तर तिकडच्या विमानतळावरचं स्कॅनर ती वाचेलच असं नाही, आणि मग वाचणारं यंत्र तुम्हाला सोबत न्यावं लागतं.

बसवल्यावर लगेच स्कॅन करून घ्या आणि यंत्रावर दिसणारा आकडा पाकिटावरच्या स्टिकरशी अंकानअंक ताडून बघा. फोटो काढून ठेवा. पुढचे पाच महिने हाच आकडा तुम्ही दहा ठिकाणी लिहिणार आहात, आणि माणूस १५ आकडे उतरवताना कुठेतरी चुकतोच. आमच्या एका कागदावर दोन शून्यांचं एकच झालं होतं. ते माझ्या लक्षात आलं कारण मी तोवर तो क्रमांक आधार नंबरपेक्षा पाठ केला होता.

लस

कार्डावर लसीचं नाव, बॅच क्रमांकाचं स्टिकर, दिल्याची तारीख आणि मुदत कधी संपते ती तारीख, एवढं स्पष्ट हवं. चिपचा क्रमांक आणि ती बसवल्याची तारीख त्याच कार्डावर, लसीच्या नोंदीच्या वर लिहून घ्या. पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत क्रम कळला पाहिजे.

चिपनंतरची पहिली लस ही युरोपच्या भाषेत प्राथमिक लस, मग कुत्रा दहा वर्षांचा का असेना. पुढचा डोस आधीच्याची मुदत संपण्याच्या आत दिला तर साखळी चालू राहते. एक दिवस उशीर झाला तरी नवा डोस पुन्हा प्राथमिक ठरतो आणि सगळं पहिल्यापासून. आपल्याकडे 'पुढच्या आठवड्यात आणा, काही बिघडत नाही' असं सहज म्हटलं जातं, आणि कुत्र्याच्या तब्येतीच्या दृष्टीने खरंच फारसं बिघडत नसेल. कागदाचं मात्र बिघडतं.

टायटर टेस्ट

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

लस दिली हे युरोपला पुरेसं वाटत नाही, ती लागू पडली का ते बघायचं असतं. त्यासाठी रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मोजतात, हीच टायटर टेस्ट. ते प्रति मिलिलीटर ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा त्याहून जास्त हवं. ही तपासणी युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. या प्रयोगशाळांची यादी युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर आहे, आणि ती बदलत असते. 'आम्ही टायटर करतो' असं फलकावर लिहिलेली प्रत्येक लॅब त्या यादीत नसते, त्यामुळे दवाखान्याच्या किंवा एजंटच्या शब्दावर न जाता प्रयोगशाळेचं नाव विचारा आणि स्वतः यादीत शोधा. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर कुरिअर आणि त्याचे कागद हा वेगळा खर्च धरा.

रक्त काढायच्या दिवशी डॉक्टरांनी आधी चिप स्कॅन करायची आणि तो क्रमांक नमुन्याच्या फॉर्मवर लिहायचा. अहवालावर चिपचा क्रमांक आणि रक्त काढल्याची तारीख नसेल तर तो अहवाल तुमच्याच कुत्र्याचा आहे हे सिद्ध करता येत नाही. प्रयोगशाळेला बहुधा रक्त नको असतं, त्यातून वेगळं केलेलं सिरम, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला द्रव, लागतो, तोही थंड ठेवलेला. ज्या दवाखान्यात ते वेगळं करणारं यंत्र, सेंट्रिफ्यूज, नाही तिथे रक्त काढून पुढे धावपळ करण्यापेक्षा ज्यांनी हे काम आधी केलंय अशा डॉक्टरांकडे जा. नेहमीच्या डॉक्टरांना वाईट वाटत नाही. आमच्या डॉक्टरांनीच दुसऱ्यांचा पत्ता दिला.

निकाल यायला आठवडे लागू शकतात, पण तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवालाच्या तारखेपासून नाही. त्यामुळे अहवालाची वाट बघण्यात गेलेले दिवस वाया जात नाहीत.

प्रमाण ०.५ च्या खाली आलं तर? आयुष्यात पहिल्यांदाच एकच डोस मिळालेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हे होतं. मग पुन्हा लस, पुन्हा रक्त, आणि तीन महिने नव्याने. त्यामुळे पहिल्यांदाच लस घेणाऱ्या कुत्र्याला रक्त काढण्याआधी दुसरा डोस द्यावा का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. दरवर्षी टोचून घेणाऱ्या बंड्याचं प्रमाण भरपूर आलं. ती जुनी इंजेक्शनं कागदावर चालली नाहीत तरी अंगात होती.

एकदा उत्तीर्ण झालेली टायटर टेस्ट, पुढचे डोस वेळेवर देत राहिलात तर, कुत्र्याच्या हयातीभर चालते. हा अहवाल घरच्या सातबाऱ्यासारखा जपा.

सरकारी हेल्थ सर्टिफिकेट

तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं 'फिट टू फ्लाय' पत्र विमान कंपनीला आणि पुढच्या टप्प्याला लागतं, पण युरोपच्या दारात ते पुरत नाही. तिथे सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट लागतं, तेही युरोपने ठरवून दिलेल्या नमुन्यात. भारतात हे काम केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याखालची अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस करते. सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत. पुण्यात नाही, नागपुरात नाही, गोव्यातही नाही. आपल्यापैकी बहुतेकांना मुंबईच. कोणते कागद आणायचे आणि कुत्र्याला कधी दाखवायचं ते प्रवासाच्या महिनाभर आधी विचारून ठेवा, आणि त्या आठवड्यात मुंबईत कोणाकडे तरी मुक्कामाची सोय बघा. कुत्र्याला घेऊन एक्स्प्रेसवेने एका दिवसात जाऊन-येऊन करायचं आणि त्यात एक कागद राहिलाय असं कळायचं, याला काही अर्थ नाही.

सर्टिफिकेटचा कोरा नमुना तुम्हीच छापून न्या. तो प्रवेशाच्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत असावा लागतो. जर्मनीत उतरणार असाल तर जर्मन-इंग्रजी. आणि प्रवेशाचा देश म्हणजे जिथे पहिल्यांदा युरोपियन युनियनमध्ये पाय ठेवता तो. पॅरिसला विमान बदलून म्युनिकला जाणार असाल तर फ्रेंच नमुना लागेल. मुंबईहून थेट म्युनिक घेण्यामागे माझं हे एक कारण होतं. त्या प्राण्याला दोनदा चढवा-उतरवायचं नव्हतं, हे दुसरं आणि मोठं.

नमुन्यात काही वाक्यं 'हे किंवा ते' अशी असतात. लागू नसलेलं वाक्य खोडायचं असतं, आणि खोडलेल्या जागी अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा. ते तसंच राहून गेलं तर कागद अर्धवट ठरतो. सही आणि शिक्क्याची शाई छपाईपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, म्हणून काळ्या छपाईवर निळं पेन. हे वाचताना क्षुल्लक वाटतं. पण पलीकडचा अधिकारी कुत्रा बघण्याआधी कागद बघतो.

सोबत लसीच्या नोंदीची आणि टायटर अहवालाची साक्षांकित प्रत, आणि मालकाचं लेखी प्रतिज्ञापत्र की हा कुत्रा विक्रीसाठी नेत नाही. जातीच्या रकान्याबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे गावठी कुत्र्याच्या कार्डावर कोणी 'इंडी' लिहितं, कोणी 'नॉन-डिस्क्रिप्ट', कोणी 'मोंग्रेल'. काहीही चालेल, पण सगळीकडे एकच लिहा. नावाचंही तसंच. बंड्याच्या नावाची तीन कागदांवर तीन इंग्रजी स्पेलिंगं झाली होती आणि ती सरळ करण्यात दोन फेऱ्या गेल्या.

सर्टिफिकेट दिल्यापासून युरोपच्या दारावर तपासणी होईपर्यंत १० दिवस चालतं. आत शिरल्यावर युनियनमधल्या पुढच्या प्रवासासाठी ते काही महिने ग्राह्य धरतात, अर्थात लसीची मुदत त्याआधी संपत नसेल तर.

पाच दिवसांची अट

हा नियम मला उशिरा कळला आणि नशिबानेच आम्ही त्यात बसलो. घरचा प्राणी म्हणून सोपी वाट हवी असेल तर कुत्रा मालकासोबत, किंवा मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे ५ दिवसांत, प्रवास करायला हवा. दुसरं कोणी आणणार असेल तर त्याला मालकाने लेखी अधिकार द्यावा लागतो, तरी ५ दिवसांची अट तीच.

आपल्याकडची सर्वसाधारण योजना अशी असते: आधी एकट्याने जायचं, घर शोधायचं, दोन-तीन महिन्यांनी आई-बाबा कुत्र्याला विमानात बसवून देतील. या योजनेत कुत्रा व्यापारी मालाच्या नियमांखाली जातो, आणि ती वाट फार खडतर आहे. त्यापेक्षा स्वतः परत येऊन त्याला घेऊन जा, किंवा घरातलं जे माणूस मागे राहणार आहे त्याचं नाव सुरुवातीपासून मालक म्हणून लावा. बंड्याच्या कागदांवर पहिल्यापासून माझं नाव होतं, म्हणून आमचं निभावलं.

तिकीट आणि क्रेट

तीन महिन्यांचा हिशोब पक्का झाल्यावरच तिकीट काढा, आणि स्वतःचं काढण्याआधी त्या विमानात कुत्र्यासाठी जागा आहे का ते फोन करून विचारा. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. केबिनमध्ये नेता येतो तो छोटा कुत्रा, बऱ्याच कंपन्यांत पिशवीसकट ८ किलोच्या आसपास. बाकीचे खाली, प्राण्यांसाठी हवा आणि तापमान राखलेल्या भागात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना कित्येक कंपन्या खाली घेतच नाहीत, कारण त्यांना तिथे श्वासाचा त्रास होतो.

जर्मनीला नेताना जात आणखी एका कारणाने महत्त्वाची. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या जाती व त्यांचे संकर तिथे आणायला कायद्याने बंदी आहे. काही राज्यांच्या याद्या याहून लांब आहेत. तुमचा कुत्रा यांपैकी दिसत जरी असला तरी आधी चौकशी करा.

क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्यात, कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. तो तीन महिने आधी आणा आणि घरात उघडा ठेवून द्या. आम्ही बंड्याचं जेवण त्यातच द्यायला लागलो. महिन्याभरात तो दुपारची झोप तिथेच काढायला लागला. झोपेचं औषध देऊ नका. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतला कुत्रा बऱ्याच कंपन्या स्वीकारत नाहीत.

पलीकडे उतरल्यावर

प्राण्यांना घेऊन कुठल्याही विमानतळावर उतरता येत नाही, त्यासाठी नेमलेले विमानतळ आहेत. फ्रँकफर्ट आणि म्युनिक त्यांत आहेत. सामान घेऊन कस्टम्सच्या हिरव्या रांगेतून बाहेर पडू नका. लाल रांगेत जाऊन कुत्रा आहे असं स्वतःहून सांगायचं. आमच्याकडे एका बाईंनी चिप स्कॅन केली, आकडा सर्टिफिकेटशी जुळवला, टायटरची तारीख बोटांवर मोजली आणि शिक्का मारला. पाच महिन्यांच्या उपद्व्यापाची तपासणी दहा मिनिटांत संपली. बंड्याने मात्र बाहेर पडल्यावर पहिला खांब ओला करायला तेवढाही वेळ घेतला नाही.

कागद अपुरे निघाले तर कुत्र्याला मालकाच्या खर्चाने परत पाठवतात किंवा विलगीकरणात ठेवतात. म्हणून मूळ कागद हातातल्या बॅगेत, एक संच क्रेटला चिकटवलेल्या पाकिटात आणि एक फोनमध्ये.

जर्मनी सोडून दुसरीकडे

फिनलंड, आयर्लंड, माल्टा आणि नॉर्वेला वरच्या सगळ्यावर एक जास्तीची गोष्ट लागते: पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांनी दिलेलं टेपवर्मचं (पोटातल्या पट्टकृमींचं) औषध, त्याची वेळेसकट नोंद. ब्रिटनलाही ते लागतं, आणि तिथे विमानाने जाणारा कुत्रा मालवाहतुकीच्या कागदांवरच आत येतो, केबिनमध्ये नाही.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. भारतातून जाणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप लावलेला हवा, लसीचा ठरावीक फॉर्म सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला हवा, आणि मान्यताप्राप्त प्राणी केंद्रात आधी जागा राखून त्याच विमानतळावर उतरावं लागतं. टायटर अहवाल नसेल तर तिथे २८ दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही. आधी त्यांच्या मान्यतेच्या दुसऱ्या देशात काही महिने ठेवावं लागतं.

स्थिरस्थावर झाल्यावर

आता तो खरा निळा पासपोर्ट. जर्मनीतल्या पशुवैद्यकाकडे सगळे भारतीय कागद घेऊन जा आणि युरोपियन पेट पासपोर्ट करून घ्या. त्यात चिप, लस आणि मुख्य म्हणजे टायटर टेस्टची नोंद करून घ्यायला विसरू नका. ती नोंद असेल आणि लसीची मुदत तुटली नसेल, तर पुढे कधी कुत्र्याला भारतात आणून परत नेताना तीन महिन्यांचा वनवास पुन्हा होत नाही. भारतात येण्यासाठी मात्र एक्यूसीएसचं ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं, त्यामुळे इथून नेतानाचे कागद फेकू नका.

गावात नाव नोंदवताना कुत्र्याचंही नोंदवा. तिथे त्याच्यावर कर आहे, हुंडेश्टॉयर म्हणतात. विम्याचंही त्याच फेरीत विचारा, काही राज्यांत कुत्र्याचा दायित्व विमा सक्तीचा आहे. आणि पुढच्या लसीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, महिनाभर आधीच्या आठवणीसकट. आमची १ जुलैची आहे. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यातच टोचून घेतो.